ओसाड दवाखान्याची निगा

इवाओ कुसाकाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, कारण धूळ उजाडायच्या आत पसरावी लागे.

मोजी बंदराच्या पर्यटन मंडळाने पायी फेरी काढली होती. तिकीट एक, इमारती तीन: धक्क्यावरचा काचेचा मनोरा, विटांची जुनी जकात कचेरी आणि डोंगराच्या चढावरचा, मालक मेल्यापासून ओसाड पडलेला दंतवैद्याचा दवाखाना. मनोऱ्याला लिफ्ट होती, कचेरीला रंगारी होते. दवाखान्याला इवाओ होता.

आयुष्यभर त्याने गोदीत पाइप जोडले. म्हातारपणी हे काम मिळालं. इमारत पडू द्यायची नाही, पण ती पडकीच दिसली पाहिजे. जिन्याखाली लोखंडी टेकू द्यायचा, मग टेकूवर वेल चढवायचा. पाहुणे एकदा झाडून गेले की पुन्हा धूळ. आणि पाहुणे झाडत, कारण माणसं सभ्य होती. ओसाड घरात शिरतानाही दारात बूट काढत, रिकाम्या खोलीला वाकून 'आत येतो हं' म्हणत आणि नुसत्या मोज्यांनी फुटक्या काचांवरून चालत. पहिल्याच महिन्यात कित्येकांचे तळवे चिरले. सपाता ठेवल्या तर घर नांदतं वाटेल, असं मंडळाचं मत पडलं. मग इवाओने एकेक तुकडा दगडावर घासून बोथट केला आणि होता तिथे परत टाकला. नवी काच बसवायला सकाळ पुरते. फुटकी काच बोथट करण्यात हिवाळा गेला.

त्याचं स्वतःचं घर दवाखान्याच्या वर, डोंगर चढणाऱ्या त्याच पायऱ्यांवर. त्या चढावर नांदतं तेवढंच. पायऱ्या उभ्या आणि धरायला काही नाही. बायको तोमिएचे गुडघे गेल्यापासून ती खालच्या सार्वजनिक स्नानगृहात उतरलीच नव्हती.

"बादलीने अंग धुतलं जातं हो," ती म्हणे, "पण बादलीशी बोलायचं काय?"

इवाओने वॉर्ड कचेरीकडे पायऱ्यांना कठडा मागितला. त्यांनी सांगितलं, एका घरासाठी कठडा बसवता येत नाही. इवाओ मंडळाच्या उराबेकडे गेला.

उराबेने दातांतून हवा आत ओढली. म्हणजे नाही.

"काका, लोक ओसाडपणा बघायला येतात. नवा कठडा दिसला की वाटणार, इथे कुणी राहतंय."

"राहतंयच की. आम्ही राहतो."

"तेच तर! मागे एकाच्या फोटोत तुमची वाळत घातलेली लोकरी चड्डी आली. तक्रार झाली. मी तुमची बाजू घेतली, बरं का."

"उपकार झाले. फोटो तरी बरा आला होता का?"

"चेष्टा नको, काका. जुना, गंजलेला कठडा असता तर गोष्ट वेगळी. जुन्याला आमची हरकत नसते."

तोमिए हे ऐकून म्हणाली, "आपणही पडायला हवं. मग मंडळ निगा राखेल."

"तू निम्मी पडलीच आहेस."

"आणि तुमच्यावर वेगळी धूळ टाकायला नको."

इवाओने नवा पाइप घेतला, जाड पत्र्याचा. तोमिएच्या कमरेची उंची धरून खांब कापले, खड्डे कातळ लागेपर्यंत खणले, सिमेंट भरलं. सगळे पाइप खांद्यावर वर आणले. दोन पायऱ्या चढायचा, थांबायचा. मग नव्याकोऱ्या लोखंडाला रोज मीठ आणि व्हिनेगर चोळलं. चांगला तांबडा गंज चढल्यावर तो हाताला लागू नये म्हणून बिनरंगी वार्निशाचे दोन हात दिले. शेवटी वेल गुंडाळला.

उराबे पाहुण्यांना घेऊन वर आला. कठड्यावरून हात फिरवत म्हणाला, "केवढा जुना! माझ्या कसा लक्षात आला नाही?"

"वेलाखाली होता."

"बघा मंडळी, असं काम आता होत नाही."

"नाहीच होत," इवाओ म्हणाला.

पाहुणे फोटो काढत असताना काखेत अंघोळीचं घमेलं धरून तोमिए उतरू लागली. फोटोत येऊ नये म्हणून त्यांनी तिला जरा थांबायची विनंती केली. ती थांबली नाही.

दोन हिवाळ्यांची मजुरी पाइपात आणि सिमेंटात गेली. उरलेल्या नाण्यांत स्नानगृहाची दोन तिकिटं आली. पुरुषांच्या हौदात गळ्यापर्यंत बुडालेल्या इवाओला मधल्या भिंतीवरून बायकांच्या बाजूचं ऐकू आलं:

"अगं बाई, तोमिए! आम्ही समजलो, तू गेलीस!"

"गेले नव्हते. वर अडकले होते. सरक जरा, गरम बाजू माझी."