आतल्या खोलीत बोललेलं

"अगं, बोलून दाखव ना. मेलेल्या पोरीशी कशी बोलतेस ते."

वैनी म्हणाल्या. हॉलमध्ये त्यांच्या कॉलेजातल्या मैत्रिणी बसलेल्या. माझ्या हातात पोह्यांचा ट्रे.

मी वैनींकडं स्वैपाकाला होते. मूळची वळसंग गावची. नवरा रिक्षा चालवतो, शुक्रवार पेठेत भाड्याची खोली. आमची राणी डेंग्यूनं गेली. शाळेत जायला लागलेली पोर. त्यानंतर माझं मन ठिकाणावर राहिना. तव्यावर भाकरी करपायची, मी नुसती बघत उभी. एकदा गॅस चालूच राहिला. तेव्हा वैनींनी त्यांच्या ओळखीच्या समुपदेशक मॅडमकडं नेलं.

मॅडमनी दार लावलं. म्हणाल्या, "इथलं बोलणं बाहेर जात नाही."

म्हणून बोलले. नवऱ्यालाही न सांगितलेलं सांगितलं. भाकरी थापताना मी राणीशी बोलते. तिला विचारते, मऊ देऊ का कडक? बोलून आले की छाती मोकळी व्हायची. झोप लागायला लागली होती.

आणि तेच आता पोह्यांबरोबर हॉलमध्ये आलं होतं.

एकजण हसली. दुसरी म्हणाली, "बिच्चारी!"

"यांच्यात लगेच देवऋषी गाठतात," वैनी सांगत होत्या. "मी म्हटलं, नाही. थेरपी." नवा फ्रिज दाखवावा तशी मला दाखवत होत्या. "लाजू नकोस गं. सगळ्या आपल्याच आहेत."

कान तापले. ट्रे खाली ठेवला.

"न्हाय."

"काय नाही?"

"न्हाय बोलणार. माझी पोर मेलीय, वैनी. त्यो तमाशा न्हाय."

वैनींचा चेहरा लाल. "एवढं केलं तुझ्यासाठी, आणि ही भाषा?"

चपला घातल्या. तशीच मॅडमकडं गेले. त्या एकट्याच होत्या.

"मी तुमच्याशी बोलले, मॅडम. वैनीस्नी कुणी सांगितलं?"

"त्यांनीच आणलं ना तुला? काळजीनं विचारलं, मी सांगितलं. त्यात एवढं काय?"

"वैनी आल्या असत्या तुमच्याकडं, तर त्यांचं मला सांगितलं असतं का?"

मॅडम टेबलावरचे कागद आवरायला लागल्या. मला उत्तर मिळालं. त्यांचं ते मन. आमची ती गंमत.

काम सुटलं. कुणाशी बोलायचंच नाही, असं ठरवलं. पुन्हा झोप उडाली, पुन्हा भाकरी करपायला लागली. नवरा म्हणाला, "त्यांच्या रागापायी तू का मरतीस?" खरं होतं. बोलण्याचं औषध त्यांच्या बापाचं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात गेले. दुपारपर्यंत बाकावर बसले. आत समुपदेशनाला एक तरुण बाई. त्यांनी विचारलं, "काय त्रास होतो?"

"आदी तुमी सांगा. माजं बोलणं कुणाला सांगणार?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला विचारल्याशिवाय कुणालाच नाही. तुमच्या जिवाला धोका वाटला तरच घरच्यांना सांगीन. तेही आधी तुम्हाला सांगून."

त्या 'तरच'वर माझा विश्वास बसला. बसून बोलले.

अजून जाते. राणीशी अजून बोलते. वैनींचा निरोप आला होता, झालं गेलं विसर, ये कामाला. मी उलटा निरोप धाडला. विसरणार न्हाय.

मी आजारी आहे, हे मी आता गल्लीत उभी राहून सांगते. लाज नाही. पण माझ्या पोरीचं कुणाला सांगायचं, ते मी ठरवणार. उपकाराच्या नावाखाली कुणी माझं मन उघडं करायला आलं, तर त्याच्या तोंडावर सांगणार. न्हाय.