हसीनाला हवा होता तेवढा अंधार

हसीनाच्या मुलाचा, आसिफचा फोन आला तेव्हा मी तळेगावच्या घरी, गच्चीच्या दाराखालून आत येणारं पाणी फडक्याने टिपत होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच तो म्हणाला. हसीनाने सकाळी नेहमीसारखा स्टुडिओ उघडला होता. कॉलेजच्या अर्जासाठी आलेल्या एका मुलीचा फोटो काढला, तो छापायला आत गेली आणि तिथेच कोसळली. ती मुलगी बाहेर बाकावर फोटोची वाट बघत बसलेली... मी जुन्या हायवेने लोणावळ्याला गेले. ढग इतके खाली आले होते की भर दुपारी दिवे लावून गाडी चालवावी लागली. पुरुष कब्रस्तानात गेले, मी बायकांबरोबर घरी थांबले. कोणीतरी चहा दिला. तो हातात धरून मी खिडकीबाहेर पाहत होते, आणि हसीनाच्या घरात इतका वेळ एका जागी बसण्याची ही माझी पहिलीच वेळ, असं काहीतरी भलतंच डोक्यात येत होतं.

श्रावण-भाद्रपद कसेबसे गेले. आठवण यायची, पण झेपण्यासारखी. गेल्या काही आठवड्यांत पाऊस गेला, आकाश उघडलं, आणि माझं सगळं बिघडलं. दिवेलागण झाली की मी गॅलरीत जाते, वर बघते, आत येते, पुन्हा जाते. टीव्ही लावते, बंद करते. ढग आले तर बरं वाटतं. आकाश स्वच्छ असलं की मात्र घरात बसवत नाही, कारण अशा संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. "सुनंदा, वर बघितलंस का? गाडी काढ." नमस्कार-चमत्कार नाही, जेवलीस का नाही, थेट गाडी काढ.

आम्ही लोणावळ्याच्या शाळेत एका बाकावर होतो. बसायचो असं म्हणायला हरकत नाही, पण बाई फळ्याकडे वळल्या की हसीना उठलेली असायची. पुढे तिचं लग्न युसूफभाईंशी झालं, त्यांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. तिथे तीही कॅमेरा शिकली. मी वीज कार्यालयात लागले, तळेगावला राहायला गेले. युसूफभाई वारले तेव्हा आसिफ शिकत होता. तिने स्टुडिओ एकटीने चालवला. लग्नं केली, साखरपुडे केले, धबधब्याखाली भिजणाऱ्या नवदांपत्यांचे फोटो काढले. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि तिच्याकडे उरले पासपोर्ट फोटो आणि फ्रेमा. मी जावं तर ती मागचा पडदा बदलत असायची, दिव्यांच्या छत्र्या इकडच्या तिकडे करत असायची. गिऱ्हाईक नाही आणि हातांना काम हवं.

एक दिवस एक गृहस्थ मोठा फोटो छापून घ्यायला आले. काळ्या पार्श्वभूमीवर एक तिरपा, धुरकट भोवरा. देवयानी नावाची दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची दुसरी वस्ती, आणि हा फोटो त्यांनी स्वतः काढलेला. हसीनाने विचारलं, "हे कुठं जाऊन काढलंत?" ते म्हणाले, "कुठं नाही, हे रोज डोक्यावरच असतं." त्या रात्री तिने मला फोन केला. आवाजात चक्क राग होता. "अगं, सगळं आयुष्य लेन्स हातात धरली आणि एकदाही वर धरली नाही. सांगायचं ना कुणीतरी."

लग्नाच्या शूटिंगचे जुने कॅमेरे विकून तिने छोटी दुर्बीण घेतली आणि तिच्याखाली बसवायचं फिरतं यंत्र घेतलं. हे यंत्र ध्रुवताऱ्याच्या रोखाने नीट जुळवावं लागतं, मग ते आकाशाच्या चालीने संथ फिरत राहतं आणि तारा फोटोत जागचा हलत नाही. पहिले प्रयोग स्टुडिओच्या गच्चीवर झाले. समोर हॉटेलाची लाल पाटी, मागे कुसगावकडच्या बंगल्यांचे दिवे, पलीकडे एक्स्प्रेसवेचा उजेड. फोटो आला तो संत्र्याच्या सरबतासारखा. देवयानी तरी अंधुकशी उमटली होती, पण हसीनाला त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका हवी होती. ती आपल्याकडे तोंड करून पसरलेली आहे, त्यामुळे तिचा उजेड इतका विरळ की जराशा दिव्याने पुसून जातो. मी म्हटलं, सोपं काहीतरी घे की. तर म्हणाली, "सोप्याचे फोटो सगळ्यांकडे असतात."

मग आमची अंधाराची शोधाशोध सुरू झाली. पवनेच्या काठावर गेलो तर तिथे तंबू, रंगीत माळा आणि गाणी. एका ठिकाणी काळोख मिळाला तर उत्तरेला डोंगर आडवा. आपल्याकडे ध्रुव फार वर नसतो, तो डोंगराआड गेला की यंत्र जुळवता येत नाही. दुसऱ्या जागी ध्रुव दिसला, पण कुत्री अंगावर आली. दोन प्रौढ बायका संध्याकाळी गाडीतून काळं नळकांडं काढतात म्हटल्यावर लोकही येऊन उभे राहायचे. एकाने तर गुप्तधन शोधताय का, म्हणून विचारलं. शेवटी आंदर मावळातली एक वाडी सापडली. तिचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर तिथेही तंबू लागतील. वाडीच्या कडेला हौसामावशींचं घर, घरापुढे सारवलेलं घट्ट खळं आणि उत्तर मोकळी. मावशींनी आमचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दिवा नगं म्हंता? मंग हितं काय तोटा न्हाई."

तिथे एक वेगळीच अडचण उभी राहिली, ती म्हणजे हसीना स्वतः. एकेक फोटो घ्यायला कॅमेऱ्याची पापणी दोन-दोन मिनिटं उघडी ठेवायची. असे ढीगभर फोटो काढून लॅपटॉपवर एकावर एक रचायचे, म्हणजे थेंब थेंब उजेड साठत जातो. तेवढा वेळ माणसाने करायचं काय, तर काही नाही. आणि काही न करणं हिला कुठून जमणार? ती दुर्बिणीभोवती येरझारा घालायची, खळं हादरायचं आणि ताऱ्यांच्या रेघा व्हायच्या. दोन हिवाळ्यांतले कितीतरी फोटो तिच्याच पावलांनी खराब झाले. लेन्सवर दव धरायचं ते निराळंच. लेन्सला गरम राहणारी पट्टी गुंडाळायला आम्ही फार उशिरा शिकलो.

एकदा हौसामावशी बाहेर आल्या आणि हिचा दंड धरून तिला ओसरीवर घेऊन गेल्या. "किती फिरशीला गं? बस हितं." पुढ्यात पावट्याच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं. हसीना शेंगा सोलायला लागली, मावशी बोलायला लागल्या, आणि खळ्यावर दुर्बीण आपलं काम करू लागली. त्या रात्रीचा एकही फोटो हलला नाही. पुढे ते नेमाचंच झालं. कधी शेंगा, कधी तांदूळ निवडणं. मावशींचा मुलगा चाकणला कंपनीत होता, सून-नातवंडं त्याच्याकडे. दोन विधवा बायका अंधारात बसून काय काय बोलायच्या ते मी फारसं ऐकलं नाही. मी गाडीत डुलक्या काढायचे.

तिसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मावशी वाटेवरच्या दगडाला अडखळून पडल्या, मनगट मोडलं. त्याच आठवड्यात वाडीतलं एक कुत्रं बिबट्याने नेलं. आम्ही गेलो तेव्हा चार माणसं ओसरीवर बसली होती. मी वीज कार्यालयात होते हे त्यांना माहीत होतं. वाटेवरच्या खांबावर दिवा हवा, अर्ज कधीचा पडून आहे, तुम्ही शब्द टाका, असं म्हणत होती. मी हसीनाकडे पाहिलं. तो खांब खळ्यापासून दगड फेकण्याच्या अंतरावर. हसीना एकदम म्हणाली, "खालच्या वळणावर लावला तर नाही चालणार?" मावशींनी प्लॅस्टरचा हात मांडीवर नीट ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमचा अंधार एका रातीचा हाय. आमचा रोजचा."

त्या दिवशी दुर्बीण पेटीतून बाहेर काढलीच नाही. परतीच्या वाटेवर हसीना नुसती काच खाली-वर करत राहिली. मला वाटलं, आता नवी जागा शोधायला निघणार. दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून येते तर फोन वाजतोय. "तुझ्या त्या ऑफिसात आता कोण साहेब आहे? मी निघालेय, स्टेशनवर घ्यायला ये." मग आम्ही खेपा घातल्या. साहेब रजेवर, मग दिवा शिल्लक नाही, मग माणूस नाही. मला या सगळ्याची सवय होती. हसीना मात्र खुर्चीत बसायलाच तयार नाही. ती साहेबांच्या टेबलाभोवती इतकी फिरली की त्यांनीच कंटाळून अर्जावर सही केली, असं मला आजही वाटतं.

दिवा मंजूर झाल्यावर ती मला सोमाटण्याला घेऊन गेली. तिथे पत्र्याचं काम करणाऱ्याकडून तिने एक टोपी बनवून घेतली, आतून पांढरी, बाहेरून काळी. स्टुडिओत दिव्याचा उजेड हवा तिथेच पडावा म्हणून जसं झाकण लावतात तसंच. वायरमन खांबावर चढता चढता म्हणाला, "मॅडम, दिव्याला कुणी टोपी घालतं का?" ती खालून म्हणाली, "उन्हात तू घालतोस ना? मग घाल त्यालाही." दिवा लागला. वाट लख्ख दिसत होती, दगडन् दगड. आणि खळं... खळ्यावर नुसता पुसटसा उजेड. मावशी त्या वाटेवरून एकट्या खालपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. हसीना वर बघत होती. "थोडं गेलं," ती म्हणाली, "पण उरलंय पुष्कळ."

त्याच हिवाळ्यात, संक्रांतीच्या आसपासच्या अवसेला, तिला तिची दीर्घिका मिळाली. घरी गेल्यावर फोटो एकावर एक रचायला तिला आठवडा लागला. मग मला स्टुडिओत बोलावलं, दार लावून घेतलं आणि पडद्यावर दाखवलं. मधे फिकट गाभा आणि त्यातून निघालेले दोन विस्कटलेले हात. कडा जरा फाटक्या होत्या, एका कोपऱ्यात तारे लांबट झाले होते. ती बोटाने त्याच कोपऱ्याकडे दाखवत राहिली. "हे पुढच्या वर्षी नीट करायचं." मी म्हटलं, आज तरी खूश हो. "आहे ना," ती म्हणाली आणि उठून मागचा पडदा सारखा करायला लागली.

पुढचं वर्ष आलं, तर ती नाही. वाडीवर कोणी कळवलंही नव्हतं, ते मलाच करायचं होतं, आणि मी आज जाऊ, उद्या जाऊ करत होते. आसिफने दुर्बीण माझ्याकडे आणून दिली तेव्हा मात्र राहवेना. दसरा झाल्यावर, तिन्हीसांजेला मी एकटी गेले. हौसामावशी अंगणातल्या झेंडूला पाणी घालत होत्या. गाडीचं दुसरं दार उघडेना म्हणून त्या बघत राहिल्या. "हसीनाताई कुटं हायेत?" मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी तांब्या खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं. "कवा?" "श्रावणात." "लय दिस झालं की वं," त्या म्हणाल्या. एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ओसरीवर बसल्यावर म्हणाल्या, "फटू हाय का तिचा? मला एक द्या." मी मोबाइल काढला. दुर्बिणीवर वाकलेली पाठ होती, अंधारातला स्कार्फ होता, पाठमोरी चालणारी हसीना होती. आयुष्यभर लोकांचे चेहरे टिपणाऱ्या बाईचा धड एक चेहरा माझ्याकडे नव्हता. मी खाली-वर करत राहिले. "ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या आणि मला आत घेऊन गेल्या. आतल्या भिंतीवर मालकांचा फोटो, देवांचे फोटो, आणि त्यांच्या शेजारी हसीनाची दीर्घिका, काळ्या चौकटीत. हे मला ठाऊकच नव्हतं. "उन्हाळ्यात एसटीनं आली व्हती द्यायाला. एकलीच. माजं खळं हाय म्हनली ह्यात, कुटं ते दिसत न्हाई पर हाय."

त्यांनी अंगणातून झेंडूची फुलं आणली, दोऱ्यात ओवायला घेतली आणि मधेच थांबल्या. "त्यांच्यात हार घालत्यात का फटूला?" मी म्हटलं, "नाही घालत बहुतेक. कबरीवर फुलं ठेवतात." मावशींनी थोडा विचार केला. दोरा गुंडाळून बाजूला ठेवला, चौकटीखालच्या फळीवर पदराने धूळ पुसली आणि तिथे एकच फूल ठेवलं. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "दुर्बीण आनलिया न्हवं?"

"आणलीय. पण मला ती एकटीला जुळवता येत नाही, मावशी."

"मंग आवसेच्या आधी चार रोज येत जा," त्या म्हणाल्या. "जमंल तवा जमंल."

येताना त्यांनी चार फुलं पदरातून माझ्या हातात दिली. कबर लोणावळ्याला आहे, माझं घर त्याच्या अलीकडे तळेगावात, आणि अंधार पडून गेलेला. तरी मी घरी वळले नाही. तशीच पुढे गेले.