न झालेल्या गुन्ह्याचे गाऱ्हाणे

माझी ही हकीकत आमच्या नात्यात दोन प्रकारे सांगितली जाते आणि दोन्ही प्रकार चुकीचे आहेत. माझे मेहुणे लग्नाच्या पंगतीत सांगतात, की मी चार आंब्यांसाठी माणसावर बंदूक झाडली. चुलतभाऊ सांगतो, की गुन्हा केला होता, पण कोर्टाने माफ केला. दोघांपैकी एकही जण त्या दुपारी बागेत नव्हता. निकाल वाचण्याचे कष्टही कोणी घेतलेले नाहीत.

ऐंशीच्या दशकाचा आरंभ होता. पावसच्या बाजूला आमची हापूसची कलमे आहेत. वानरांच्या बंदोबस्तासाठी माझ्याकडे परवान्याची एकनळी बंदूक असे. वैशाखातल्या एका दुपारी गडी जेवायला गेले असताना खालच्या वाडीतला एक ओळखीचा माणूस कलमावरून आंबे उतरवताना मला दिसला. मी ओरडलो. तो उतरून पळाला असता, तर मी त्याला पळू दिले असते. हे वाक्य मेहुण्यांनी कृपा करून दोनदा वाचावे. उघड्या बागेतल्या साध्या चोरीसाठी माणसावर बंदूक झाडणे कायद्याला मान्य नाही, आणि मलाही नाही.

पण तो पळाला नाही. कोयता उगारून अंगावर आला. पहिला घाव मी बंदूक आडवी धरून तिच्या लाकडी दस्त्यावर झेलला. दुसऱ्या घावासाठी त्याचा हात वर गेला, तेव्हा मी नळी खाली करून चाप ओढला. छर्रे त्याच्या मांडीत गेले. गड्यांना हाका मारून मी त्याला दवाखान्यात पाठवले आणि बंदूक घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात गेलो.

“जीव वाचवायला झाडलीत, हे मला पटतं,” फौजदार म्हणाले, “पण ते कोर्टाला पटवायचं काम तुमचं.” त्यांनी खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावले. मला राग आला, पण त्यांचे म्हणणे कायद्याला धरून होते.

मी जामिनावर सुटून आलो आणि गावाने नवा घोळ घातला. दोन वाड्यांत वैर नको, म्हणून ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालायचे ठरले. मी नको म्हणत होतो.

“काका, देवाच्या म्होरं उबं ऱ्हायलाव तर काय कमीपना येतो काय?” गावचे मानकरी म्हणाले.

“कोर्टात उभा आहेच मी. आणखी किती ठिकाणी उभं राहू?”

“कोर्ट शेरात. ह्यो देव गावात. तुमाला ऱ्हायाचं खंय हाय?”

गेलो. मांडीला फडके बांधलेला तो इसमही आला होता. नारळ ठेवून मानकऱ्यांनी हात जोडले, “बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराच्या हातून जो काय गुन्हा घडला आसंल, तो पोटात घाल नि दोनी वाड्यांचं बरं कर!” आणि सगळा गाव एका आवाजात गरजला, “व्हय म्हाराजा!” मीही म्हणालो. कोकणात जन्मलेला माणूस देवळात ही साद आली की म्हणतोच. त्यासाठी विचार करावा लागत नाही.

रत्नागिरीच्या कोर्टात सरकारी वकिलांनी नेमके हेच धरले. आरोपीने गावासमोर गुन्हा कबूल केला, असे त्यांनी मानकऱ्यांकडून वदवून घेतले. शिक्षा झाली असती, तर ती त्या दोन शब्दांवर झाली असती. मग माझे वकील उठले.

“व्हय म्हाराजा आणखी कोण म्हणालं?”

“सगला गाव.”

“जखमी इसम?”

“तो तर जोरात म्हनला.”

“आणि तुम्ही?”

“मी कसा म्हनीन? मी गाऱ्हानं घालत व्हतो!”

न्यायाधीशसुद्धा हसले. झाले! तेवढाच हशा लोकांनी घरी नेला आणि आजतागायत तोच सांगतात, की ह्यांना गाऱ्हाण्याने तारले. साफ चूक. निकालात त्या गाऱ्हाण्याला एक ओळ आहे, ‘ही कबुली नव्हे’. बाकीची पाने दस्त्यावरच्या कोयत्याच्या घावाबद्दल, आमच्या दोघांतल्या अंतराबद्दल आणि मी नळी खाली केली त्याबद्दल आहेत. जिवावर बेतले असता बचावापुरते केलेले कृत्य अपराधच होत नाही, असे तिथे लिहिले आहे. अपराध झाला आणि सोडून दिला, असे नाही. जे घडलेच नाही ते माफ कसे होणार? चुलतभावाला हे मी किती वेळा समजावले! तो मान डोलावतो आणि पुढच्या कार्यात पुन्हा ‘माफ’ म्हणतो.

निकालानंतर कोर्टाच्या व्हरांड्यात तो इसम एकटा माझ्याजवळ आला.

“सुटलाव काका. बरं झालं.”

“सुटलो नाही. माझा गुन्हाच नव्हता.”

त्याने मांडीवर हात ठेवला. “मंग ह्यो पाय कुनाच्या गुन्ह्यानं गेला?”

“तुझ्या,” मी म्हणालो. ते तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे. तो वळला. मग कठड्याला धरून, एक पाय ओढत, पायऱ्या उतरू लागला. पायऱ्या अरुंद होत्या. तो खाली पोचेपर्यंत मी वरच उभा राहिलो.