राणी मोटरवर झोपते

भोगीच्या सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी चिक्कडपल्लीतल्या गिरणीत अंबाजी बिरादार यांनी मोटरच्या पत्र्याच्या झाकणावर तळहाताने तीन थापा मारल्या. झाकणावर झोपलेली मांजर उतरली आणि पोत्यावर जाऊन बसली. मग त्यांनी स्विच दाबला. बाजरीचे डबे दारापर्यंत रांगेत लागले होते.

अंबाजी अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. मूळ गाव भालकीजवळ. वडिलांनी शेती सोडून ही गिरणी चालवायला घेतली, ती आता ते चालवतात. पत्नी लीला वारल्या, मूलबाळ नाही. गिरणीमागच्या खोलीत ते आणि राणी ही करडी मांजर, एवढेच राहतात. थंडीत राणी गरम मोटरवर झोपते. तिची आईही तिथेच झोपायची. एका सकाळी अंबाजींनी स्विच दाबला आणि ती पट्ट्यात सापडली. थापा त्या दिवसापासूनच्या.

दर संक्रांतीला ते मलकपेठला थोरल्या बहिणीकडे जातात. यंदा शेजारच्या किराणा दुकानदाराने सणाच्या सुट्टीत उंदरांचं औषध टाकायचं ठरवलं. औषध खाल्लेला उंदीर राणीने खाल्ला तर ती वाचणार नाही, म्हणून तिला मागे ठेवता येईना. भाजीच्या टोपलीवर दुसरी टोपली उपडी घालून त्यांनी सुतळीने बांधली आणि ऑटो केला. चादरघाटच्या पुलावर गर्दीत ऑटो अडकला तेव्हा आतलं ओरडणं एकदम थांबलं. त्यांनी फटीतून बोट घालून ती श्वास घेते आहे ना, ते पाहिलं.

दारात भामाअक्कांनी टोपलीकडे बघितलं. "लोक बहिणीला साडी आणतात. तू मांजर आणलास."

रात्रभर राणी कपाटाखालून हलली नाही. दूधही तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्कांकडे हळदीकुंकू होतं. त्या दिवशी दार लावून ठेवत नाहीत. बायका येत-जात राहतात. अंबाजींनी राणीला आतल्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली आणि बायकांत आपलं काम नाही म्हणून गच्चीवर गेले. इकडे वाण म्हणून द्यायच्या स्टीलच्या डब्या कमी पडल्या. भाचा रितेश कार घेऊन गेला, डब्या घेऊन आला आणि त्या आतल्या खोलीत ठेवल्या. कडी घालायची राहिली. अंबाजी खाली आले तेव्हा खोली उघडी होती आणि कपाटाखाली कुणी नव्हतं.

ते आधी पुन्हा गच्चीवर गेले. पोरांच्या पतंगांचा तुटलेला मांजा कठड्याला गुंडाळलेला होता. त्यात केस अडकलेत का, हे त्यांनी वाकून पाहिलं. खाली जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं झाकण अर्धवट सरकलेलं होतं. अंबाजींनी पालथं पडून मोबाइलचा उजेड आत टाकला, मग काठी घालून पाणी ढवळलं. काठीला काही लागलं नाही, पण टाकी खोल होती. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला कुत्री भुंकायला लागली. ते धावत सुटले. एक चप्पल पायातून गेली, ती उचलायला थांबले नाहीत. कुत्री पतंगामागे पळणाऱ्या पोरांवर भुंकत होती. ते राणीला हाका मारत परत आले.

मांजर आपल्या घराच्या दिशेने जाते, असं रितेशने मोबाइलवर वाचून सांगितलं. घराच्या दिशेला चादरघाटचा पूल होता आणि त्यावरची वाहनं. अंबाजींनीच मग घाई केली. जल्दी चल म्हणाले, अंधार पडला तर करडी मांजर दिसायची नाही. त्यांचा एक पाय अनवाणीच होता. कारला समोरून वळसा घालताना त्यांनी बॉनेटचा आधार घेतला, मग आत बसून दार ओढलं. रितेशने किल्ली लावली. बॉनेटला टेकवलेला तळहात अंबाजींना अजून गरम लागत होता.

त्यांनी भाच्याचं मनगट धरलं. "किल्लीवरून हात काढ."

"काय झालं, मामा?"

"हात काढ आधी."

ते खाली उतरले आणि बॉनेटवर तीन थापा मारल्या. काही झालं नाही. पुन्हा तीन मारल्या. आत कसलीही हालचाल नव्हती. रितेश म्हणाला, ती इथे नाही मामा, उगाच वेळ जातोय. अंबाजींनी त्याला बॉनेट उघडायला लावलं.

राणी पंख्याला टेकून बसली होती. शेपटी पट्ट्यावर होती.

अंबाजींना तिला उचलता आलं नाही. ओरखडे सोसत रितेशने तिला बाहेर काढलं. मी फक्त किल्ली लावली होती, फिरवली नव्हती, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. अक्का हातातलं हळदीकुंकवाचं ताट तसंच घेऊन खाली आल्या. कडी कुणाची राहिली, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी दिलेलं पाणी निम्मं भावाच्या शर्टावर सांडलं.

"सापडली ना रे," त्या म्हणाल्या. "आता कशाला कापतोस?"

"अक्का, थापांना ती उठली नाही."

एवढी वर्षं त्यांनी त्या थापांवर भरवसा ठेवला होता. राणी गिरणीत तिसऱ्या थापेपर्यंत उतरते. घाबरलेली असली तर उतरत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

किराणा दुकानदाराने औषध काल उचललं. राणी त्याच टोपलीतून आज दुपारी परत आली आणि आता मोटरवर आहे. उद्या सकाळी सहा चाळीसला गिरणी सुरू होईल. अंबाजी झाकणावर तीन थापा मारतील, झाकण काढून पट्ट्याच्या मागे बॅटरीने पाहतील, आणि मग स्विच दाबतील.