सरळ आट्याची लाल सायकल

भाऊजी गेले तेव्हा मी पॉपलीन फाडत होतो. आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या नार्नूरच्या बाजाराचा दिवस, दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि फोन वाजला. अक्काचा होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण कमल. बाजाराच्या दिवशी ती मला कधी फोन करत नाही. "दिनू, दुकान बंद कर अन् ये," एवढंच म्हणाली. माझा हात तसाच पुढे गेला आणि कापड वाकडं फाटलं. शंकरभाऊजी सकाळी सायकलवर चक्कर मारून आले होते, आंघोळ करून ओसरीवरच्या खुर्चीत बसले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. या माणसाला आयुष्यात कशाची घाई नव्हती, चहाच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्याच दिवशी काय झालं कोण जाणे...

दीड महिना झाला. भाऊजींबद्दल लिहा, असं दोघातिघांनी सांगितलं. मी कापडवाला माणूस, मीटरने मोजणारा. पण त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं तर "सायकलवेडे शंकरराव" असं काहीतरी गुळगुळीत लिहील, आणि ते वाचून माझं डोकं फिरेल. म्हणून मीच बसलो.

बसस्टँडजवळ त्यांचं सायकलचं दुकान होतं. आमच्या लहानपणी तिथं तासाच्या हिशोबाने सायकली किरायाने मिळत. अक्काचं लग्न झालं तसा मी शाळेतून सुटलो की तिथंच पडीक असायचो. पंक्चर काढणं, रिम सरळ करणं, एक्सल बदलणं हे सगळं भाऊजींनीच मला शिकवलं. पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या आणि दुकान ओस पडलं. दुसऱ्या कुणी तिथं मोबाइलचं दुकान टाकलं असतं. आमचे भाऊजी जुन्या इटालियन रेसिंग सायकली गोळा करायला लागले. नार्नूरमध्ये! इथं माणसाला इटली कोणत्या दिशेला आहे ते सांगता येत नाही. सगळा गाव हसला, आणि सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

सुरुवात आदिलाबादच्या एका भंगाराच्या ढिगात झाली. त्यात एक गंजकी फ्रेम होती. भाऊजींनी ती उचलली आणि त्यांचा चेहराच बदलला. "दिनकर, धरून पाह्य. हे लोखंड हाय का कागद हाय?" मी धरली. खरंच, एका बोटावर राहत होती. त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. मोबाइलवर चित्रं बघ, हैदराबादच्या शौकीन लोकांना फोन लाव, त्यांच्याशी आपल्या मोडक्या हिंदीत तासतासभर बोल. शेवटपर्यंत चारच सायकली जमल्या, पण त्या चौघींनी अक्काचं घर व्यापलं. आतल्या खोलीतली ज्वारीची पोती ओसरीवर आली आणि सायकली आत भिंतीला टांगल्या गेल्या. अक्का त्यांना सवती म्हणायची. "माह्या चार सवती खोलीत झोपतेत अन् माही ज्वारी उंदरं खातेत," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

पण त्यांचा खरा नाद सायकली जमवण्याचा नव्हता, त्यांचं वय काढण्याचा होता. सोनाराकडचं डोळ्याला लावायचं भिंग त्यांनी मिळवलं होतं. मागच्या चाकाच्या एक्सलवर जो नट असतो, त्यावर इटलीवाले सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकत. पायडलच्या दांड्याच्या आतल्या अंगाला, तेल-मळाच्या थराखाली, एका चौकटीत एकच बारीक आकडा असतो. ब्रेकची तार हँडलच्या पट्टीखालून जाते की वरून, यावरूनही काळ कळतो. भाऊजी रॉकेलच्या फडक्याने मळ पुसत, भिंग लावत आणि एकेका पार्टची साक्ष घेत. चाक म्हणतं बाहत्तर, दांडा म्हणतो बाहत्तर, फ्रेमचा नंबरही त्याच्याच आसपासचा... मग सायकल अस्सल. एखादा पार्ट नंतरचा निघाला की म्हणत, "हा साक्षीदार फुटला." आणि त्यांचं तोंड असं उतरायचं, जसं काही घरातलाच कुणी कोर्टात उलटला.

ही खोड त्यांनी सायकलींपुरती ठेवली असती तर बरं झालं असतं. एकदा मी एका बाईला "आत्ताच आलाय माल" म्हणून साडी दाखवत होतो. भाऊजी बाजूला चहा पीत बसलेले. त्यांनी साडीची घडी हातात घेतली, घडीच्या कडेची उडालेली रेघ उजेडात धरली आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "बाई, तीन दिवाळ्या झाल्या असतीन हिले." ती बाई साडी ठेवून गेली ते पुन्हा माझ्या दुकानात आली नाही. मी भांड भांड भांडलो. त्यांना समजेचना की आपलं काय चुकलं. "अरे, मी खराब हाय म्हणतलं का? जुनी हाय म्हणतलं!"

चार सायकलींत लाल सायकल त्यांचा जीव होती. मंचेरियलकडच्या एका निवृत्त इंजिनिअरने ती स्वतःहून त्यांना दिली होती. तरुणपणी त्या इंजिनिअरनेच ती इटलीहून आणली होती. तिचे सगळे पार्ट बाहत्तरचे, एकही बदललेला नाही. भाऊजींनी तिला कधी रस्त्यावर काढलं नाही. "हिले रस्ता दाखवला का एखादा पार्ट घासन, मंग बदलावं लागन, मंग साक्षीदार फुटन," असं त्यांचं म्हणणं. माझ्याच दुकानातल्या मांजरपाटाने झाकून ठेवलेली. रोज सकाळी कापड बाजूला करत, पायडल हाताने फिरवत, मागच्या चाकाचा टिर्र्र आवाज ऐकत आणि पुन्हा झाकून टाकत. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी हाव दिसायची ना, ती मी मिठाईच्या दुकानासमोर पाहिली आहे. पण बसायचे नाहीत.

आता माझ्या पापाकडे येतो.

नऊ वर्षांपूर्वी दसऱ्याच्या तोंडावर भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. अक्का त्यांच्याबरोबर आदिलाबादला. घराची किल्ली माझ्याकडे. आमच्याकडे दसऱ्याला अवजारं, गाड्या, सायकली सगळं धुऊन-पुसून, तेलपाणी करून त्यांची पूजा करतात, झेंडूची माळ घालतात. मला वाटलं, भाऊजी डोळ्याला पट्टी बांधून येतील, त्यांच्या हातून काही व्हायचं नाही. आपण लाल सायकल उघडून, नवं ग्रीस भरून, माळ घालून तयार ठेवू. केवढे खूश होतील!

आता आमच्याकडचं लहान पोरगंही सांगेल की सायकलच्या पायडलचा एक्सल फ्रेममध्ये ज्या दोन कपांवर फिरतो, त्यातला उजवा कप उलट्या आट्याचा असतो. सगळं जग ज्या बाजूला आवळतं त्या बाजूला तो खुलतो. भाऊजींच्या दुकानात मी असे किती कप खोलले असतील याची गणती नाही. लाल सायकलचाही तसाच फिरवायला घेतला. हलेना. मला वाटलं, इतक्या वर्षांचा गंज. पान्याला लांब पाइप लावला. तरी हलेना. मग मी पाइपवर पाय देऊन उभा राहिलो... कापडवाल्याचं वजन काही कमी नसतं... आणि कड् झालं. मी खूश झालो, खुलला म्हणून. खाली वाकून पाहिलं तर आटे सोलून निघाले होते आणि फ्रेमला केसासारखी चीर गेली होती.

भाऊजी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून आले. मी सायकलजवळच उभा होतो, शिव्या खायच्या तयारीने. त्यांनी बोट फिरवून चीर चाचपली. मग खाली बसले आणि म्हणाले, "इटलीवाल्याचे दोन्हीकडचे आटे सरळच असतेत. तुले सांगाले पायजे होतं मी." म्हणजे मी तो कप खोलत नव्हतो, आवळत होतो. मग अक्काला म्हणाले, "दिनकरले चहा दे." बस. एक शिवी दिली असती तर मी मोकळा झालो असतो.

महिना-दीड महिना गेला. एका सकाळी दुकानाचं शटर वर करतो, तर समोरून लाल सायकल! वर भाऊजी. आदिलाबादच्या लेथवाल्याकडून त्यांनी आत एक नळी बसवून, झाळून घेतली होती. माझ्या दुकानासमोर आले, डावा हात उंच केला आणि उटनूर रस्त्याला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरात तोंडाने काही बोलले नाहीत आणि आता सगळ्या गावाला दाखवत फिरतात, बघा, माझ्या मेहुण्याने काय करून ठेवलंय! मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं, बोलणं बंद केलं. दुकानातली गादीसुद्धा फिरवून घेतली, रस्त्याकडे पाठ करून. गिऱ्हाइकांना वाटलं, कुणीतरी वास्तू सांगितली असावी. तरी सकाळी पाठीमागे टिर्र्र वाजायचंच, आणि हात वर झाला असणार हे मला न बघता कळायचं.

पुढच्या राखीला अक्का दारात उभी राहिली, मागे भाऊजी. राखी बांधून झाली. भाऊजी इकडेतिकडे पाहत म्हणाले, "गादी काऊन उलटी लावली बाप्पा? गिऱ्हाइकाचं तोंड पाहावंसं वाटत नाही का?" मला हसू फुटलं. हसलो की संपलं. दुसऱ्या दिवशी गादी सरळ केली. पण विचारायचं ते मी विचारलं नाही. भाऊजी, तुम्ही मला माफ केलं की नाही? नऊ वर्षं ते रोज समोरून गेले, रोज हात वर केला, आणि त्या राखीनंतर मीही हात वर केला. आज विचारू, उद्या विचारू. आणि मग बाजाराच्या दिवशी तो फोन आला.

तेरवी झाल्यावर आठवडाभराने अक्काने बोलावून घेतलं. म्हणाली, "लाल सायकल तू घेऊन जाय." मी म्हटलं, नको. ती म्हणाली, काऊन नको? मग मात्र माझा बांध फुटला. साठीचा माणूस मी, बहिणीसमोर रडत रडत सांगितलं की अक्का, मी ती नासवली, त्यांचा जीव होता तो, आणि त्यांनी मला कधी माफ केलं नाही, रोज माझ्या दारावरून नेऊन दाखवत होते.

अक्का हसायला लागली. भाऊजी गेल्यावर पहिल्यांदाच. "अरे बावळटा, त्याहिले ती चालवाची होती! इतके वर्षं नुसती पुसून ठेवत. तू मोडली तवा दोन दिवस मुके होते, खोटं काऊन सांगू. तिसऱ्या दिवशी मले म्हणतेत, कमल, आता ही अस्सल नाही राह्यली, आता हिच्यावर बसता येते! लेथवाल्याकडून आणली त्या दिवशी आंगणात लेकरासारखे चकरा मारून राह्यले होते. तुह्या दुकानावरून जात, कारण तुले दाखवाचं होतं. त्याहिले वाटे, तू खूश होशीन."

मी डोळे पुसले. पँटच्या पायाला दोरी बांधली, तिच्यासमोरच सायकल काढली आणि बसलो. बसलो म्हणजे दुसऱ्या खेपेला बसलो, पहिल्या खेपेला शेजारच्या म्हाताऱ्याने धरलं. उटनूर रस्त्याला लागलो, चढ आला, पायडलवर जोर दिला... कट्. पुढचा फेरा, पुन्हा कट्. उतरून पाहिलं. त्याच जागेतून येत होता आवाज, जिथं मी पाइपवर उभा राहिलो होतो. नळी कितीही चांगली झाळली तरी ती जागा पुन्हा पहिल्यासारखी बसली नव्हती. मी वळणापर्यंत गेलो आणि परत आलो, फेऱ्याफेऱ्याला माझीच चूक माझ्या पायाखाली वाजत होती. मला हे नऊ वर्षांत ठाऊकच नव्हतं. रस्त्यावर उभ्या माणसाला तो आवाज येत नाही, फक्त बसणाऱ्याला येतो.

अक्का ओसरीवर ज्वारी पाखडत होती. मी विचारलं, "अक्का, हिचा आवाज येते, तुले माहीत होतं?"

"हो. आणली तवापासून येते."

"मंग त्याहिनं नीट काऊन नाही केला? त्याहिले काय कठीण होतं?"

अक्काने सूप खाली ठेवलं. "तू बोलणं बंद केलं होतं ना, तवा मी बी म्हणतलं होतं, काढून टाका हो तो आवाज. तर म्हणत, राहू दे कमल. दुकानातला दिनकर बोलत नाही, हा सायकलीतला तरी बोलून राह्यला."