ठकूची पोर

सौरभला हे माहीत नाही. माझ्या आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना कळायला हवं होतं त्या सासूबाई आता राहिल्या नाहीत. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही आमच्या नात्यातले नाही, उद्या दारात भेटणार नाही. म्हणजे सांगण्यातही भित्रेपणा आहेच. असू दे.

आधी सासूबाईंबद्दल चांगलं सांगून घेते. नाहीतर पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल की बाई खाष्ट असणार, सून पिचली असणार. तसं काही नव्हतं. सत्तरी उलटल्यावर गुडघ्यांना पट्टे बांधून त्या पहिल्यांदा जर्मनीत आमच्याकडे एर्लांगेनला आल्या आणि आठ दिवसांत कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाईशी मराठीत बोलून हवा तोच पाव आणायला लागल्या. आमची ईरा तेव्हा सहा वर्षांची. आजी मराठीत बोलायची, नात जर्मनमध्ये उत्तर द्यायची. "आजीचं ऐकशील ना?" "गेनाऊ." म्हणजे 'अगदी बरोबर'. दोघींचं काही म्हणजे काही अडत नव्हतं. मी ऑफिसातून सायकल हाणत यायची तेव्हा घरात मेथीचा वास असायचा. अशी सासू किती जणींना मिळते?

माझं दुखणं एकच — माझं नाव.

मी शुभांगी. लग्नात ताटातल्या तांदळावर सौरभने अंगठीने 'रेवती' असं लिहिलं. नाव सासूबाईंनी निवडलेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले. वाटलं, एक विधी आहे, उरकला की संपला. कागदोपत्री मी शुभांगीच राहिले. पासपोर्टवर शुभांगी, पगारपत्रकावर शुभांगी, जीभ अडखळत का होईना पण जर्मन सहकाऱ्यांच्या तोंडीही शुभांगीच. फक्त सासूबाईंसाठी मी रेवती. एकदा मी धीर करून म्हटलं, "अहो आई, मला शुभांगीच म्हणा ना." त्या हसल्या. "अगं, माझं नाही का बदललं? सवय होते." सौरभ म्हणाला, "प्रेमानेच हाक मारते ना ती? मग झालं तर." सवय मला झाली नाही. प्रत्येक 'रेवती'ला मी 'ओ' द्यायची आणि आत काहीतरी कडू गिळायची. क्षुल्लक आहे ना? मलाही तसंच वाटायचं, म्हणून कधी भांडलेही नाही. भांडले असते तर कदाचित बरं झालं असतं.

आता त्यांचं दुखणं सांगते.

सासूबाईंची पणजी, आईच्या आईची आई, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात पुण्याच्या लष्कर भागात हारीस नावाच्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होती. नवरा तिथेच माळी. साहेबाची बदली विलायतेला झाली आणि त्याच आठवड्यात ती नाहीशी झाली. मागे चार वर्षांची मुलगी. घरात एकच वाक्य उरलं: रखमा गोऱ्याबरोबर पळाली. नवऱ्याने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. ती चार वर्षांची पोर म्हणजे सासूबाईंची आजी. तिच्याच मांडीवर सासूबाई वाढल्या. ती म्हातारी होऊन मरेपर्यंत एकच सांगायची — "माझी आई मला टाकून जायची नाही." कोणी ऐकत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट, तिचं आता काय? पण असल्या गोष्टी बायकांच्या घरात मरत नाहीत. सासूबाईंचं एक ठरत आलेलं लग्न त्यावरून मोडलं. पुढे त्यांना साताऱ्याच्या शाळेत नोकरी मिळाली, तर त्यांच्या सासूने सांगितलं, "बाहेर पडणं रक्तातच आहे तुमच्या." नोकरी राहूनच गेली. हे त्यांनी मला स्वयंपाकघरात, मेथीची पानं खुडत सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाली आहेस. शोध ना गं तिला. पळाली असेल तर पळाली, पण मला मरायच्या आधी कळू दे."

मी शोधायला लागले. मनापासून, हेही सांगायला हवं. इंग्लंडात दर दहा वर्षांनी घरोघर जाऊन माणसं मोजत, ती जुनी शिरगणती आता घरबसल्या पाहता येते. रखमा, रुखमा, रकमा, रूकमा — इंग्रज कारकुनाने जितक्या तऱ्हांनी वाट लावली असेल तितक्या तऱ्हांनी लिहून पाहिलं. नाहीच. सासूबाई शेजारी खुर्ची घेऊन बसत, चष्मा पुसत, स्क्रीनवरचं काही कळत नसताना टक लावून पाहत. रोज संध्याकाळी चहाबरोबर एकच प्रश्न, "सापडली का गं?"

माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. उत्तर मिळत नसेल तर बहुतेक वेळा प्रश्न चुकलेला असतो, हे मला पोटापाण्याच्या कामातून माहीत आहे. तरी महिनाभर माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला तो ईराच्या शाळेचा एक फॉर्म भरताना. इथल्या फॉर्मवर बाईसाठी एक रकाना हमखास असतो — 'गेबुर्ट्सनामं', जन्माचं नाव. तो आडनावापुरता असतो, पण मला तो दर वेळी बोचतो. त्या दिवशी बोचला आणि एकदम लक्षात आलं. रखमा हे सासरचं नाव! परमुलखात, आगबोटीवर, कुणी गोऱ्याने "नाव काय?" म्हणून विचारलं तर बाई कुठलं नाव सांगेल? मी कुठलं सांगते?

सासूबाईंना विचारलं, "तिचं माहेरचं नाव काय होतं?" त्या पोळ्या लाटत होत्या. "ते कोण लक्षात ठेवतंय," म्हणाल्या. मग लाटणं हातात तसंच धरून म्हणाल्या, "थांब हं. आजी मामाकडे वाढली. ती सांगायची, वडलांकडे गेलं की लोक मला पळालेलीची पोर म्हणायचे, आणि मामाकडे ठकूची पोर."

ठकू.

हा झाला शुक्रवार. शनिवारी न्युरेम्बर्गला मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आम्ही काळ्या साड्या नेसून रेल्वेने गेलो. उखाण्यांची फेरी सुरू झाली आणि माझी पाळी आल्यावर सूत्रसंचालन करणारी म्हणाली, "आता शुभांगी." सासूबाई सगळ्यांसमोर, अगदी कौतुकाने, म्हणाल्या, "शुभांगी नाही हो, रेवती. इतकी वर्षं झाली तरी हिला माहेरचं नाव सुटत नाही. मनाने अजून आमच्याकडे आलेलीच नाही ही." हशा पिकला. माझ्या ऑफिसातल्या दोघी मराठी जणी तिथे होत्या, त्याही हसल्या. उरलेला दिवस मला सगळ्या जणी 'रेवती, तिळगूळ घे' म्हणत राहिल्या. मी घेतला आणि गोड बोलले.

रविवार. इथला रविवार तुम्हाला माहीत नसेल. दुकानं बंद, रस्ते रिकामे, शेजाऱ्याच्या घरात चमचा पडला तर ऐकू येतो. सौरभ ईराला पोहायला घेऊन गेला होता. सासूबाई आत झोपल्या होत्या. मी लॅपटॉप उघडला आणि ठकू लिहिलं. मग टकू, मग टक्कू, आडनावाच्या जागी साहेबाचं हारीस, कारण साहेबांची पोरं सांभाळणाऱ्या आयांना साहेबाच्या नावाने ओळखत हे तोवर वाचलं होतं.

ती होती.

टक्कू हारीस. आया. विवाहित. वय अंदाजाने लिहिलेलं. जन्म: पूना. आणि पत्ता साहेबाच्या घराचा नव्हता. लंडनमधल्या एका वसतिगृहाचा होता. मेमसाहेब लोक बोटीवर पोरं सांभाळायला आयांना बरोबर आणत आणि तिकडे पोचल्यावर कित्येकींना सोडून देत. हिंदुस्थानात परतणारं एखादं कुटुंब मिळेपर्यंत त्या बायका अशा जागी राहत. तिच्या वरखाली सगळ्या तशाच — आया, आया, आया. म्हणजे ती कोणाबरोबर पळाली नव्हती. मेमसाहेबांची पोरं घेऊन गेली होती आणि परतीच्या बोटीची वाट पाहत बसली होती. नवरा त्याच बंगल्यावर माळी — त्याला हे माहीत नसेल? पण दुसरं लग्न करायचं तर पळालेली बायको सोयीची. पुढच्या शिरगणतीत ती नाही. परतली असती तर पोरीला भेटली असती. वाटेत गेली की तिथेच, कळायला मार्ग नाही. पण ती घरी यायला निघाली होती, एवढं त्या पानावर स्वच्छ होतं.

मी रडले. खरंच रडले. उठून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दाराला हात लावणार तोच आतून हाक आली.

"रेवती, चहा टाकतेस का गं?"

बस, एवढंच झालं. काय सांगू तुम्हाला? कालचा हशा कानात होता. मी मागे फिरले, लॅपटॉप बंद केला, आधण ठेवलं. चहा घेताना त्यांनी विचारलं, "आज काही सापडलं का?" मी म्हटलं, "नाही, आई. ठकू नावानेही काही नाही." त्यांचा चेहरा उतरला. आणि मला — आता हे सांगायला हवं, हेच तर सांगायचं होतं — मला बरं वाटलं. तो उतरलेला चेहरा बघून मला बरं वाटलं. आई, तुम्ही माझं नाव घेत नाही ना, मग तुमच्या माणसाचं नावही माझ्याकडे राहील. अगदी या शब्दांत आलं मनात.

मी मनाशी एक अट घातली. ज्या दिवशी त्या मला शुभांगी म्हणतील त्या दिवशी सांगायचं. अट त्यांना सांगितली नाही. त्यांना माहीत नसलेल्या परीक्षेत मी त्यांना रोज नापास करत राहिले. मार्चमध्ये त्या पुण्याला परत गेल्या. विमानतळावर मला जवळ घेऊन म्हणाल्या, "रेवती, शोधत राहा हं." मी मान हलवली.

दोन वर्षं गेली. फोनवर त्या विचारत, मी नाही म्हणत असे. पहिल्या वेळी रागाने म्हटलं होतं, नंतर सवयीने, आणि त्यानंतर भीतीने, कारण आता सांगायचं तर केव्हा सापडली तेही सांगावं लागणार. मी ते पान अधूनमधून उघडून बघायची. टक्कू हारीस, विवाहित, पूना. मग बंद करायची. राग कधीच विझला होता, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते स्वतःवरून कळलं. आणि एक विचारायचं राहूनच गेलं. "माझं नाही का बदललं?" असं त्या म्हणाल्या होत्या. बदलण्याआधी त्यांचं नाव काय होतं? इतकी नावाची चीड असलेल्या मला ते एकदाही विचारावंसं वाटलं नाही. आजही मला माहीत नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या पडल्या, आणि पडल्या त्या उठल्याच नाहीत. सौरभ धावत पुण्याला गेला. ईराची शाळा होती म्हणून मी इथे थांबले. एका दुपारी त्याने व्हिडिओ लावून फोन आईच्या तोंडासमोर धरला. त्या केवढ्याशा दिसत होत्या. डोळे किलकिले करून स्क्रीनकडे बघत राहिल्या. सौरभ म्हणाला, "आई, ओळखलंस का? कोण आहे?"

त्या म्हणाल्या, "शुभांगी."

स्पष्ट म्हणाल्या. मग थोडं थांबून, "शुभांगी, सापडली का गं ती?"

त्यांना कळून म्हणाल्या की आजारात म्हणाल्या, ठाऊक नाही. फरक काय पडतो? अट पुरी झाली होती. लॅपटॉप माझ्या समोर टेबलावर होता. एक वाक्य पुरलं असतं — आई, ती घरी यायला निघाली होती. पण फोन सौरभच्या हातात होता, त्याचा अंगठा मला कडेला दिसत होता. त्याने विचारलं असतं, केव्हा सापडली?

मी म्हटलं, "नाही, आई."

त्यांनी डोळे मिटले. "बरं," म्हणाल्या. "मग गेलीच असेल पळून. आजीला उगीच वाटायचं."

मी सौरभला म्हटलं, फोन जरा तुझ्याकडे घे. त्याने घेतला. मी त्याला विचारलं, आई पेज घेतात का, आणि त्याने सांगितलं, दोन चमचे घेतली.