महाजनची मान

दोन माणसांनी एकाच वर्षी मानेचं ऑपरेशन करून घेतलं की कँटीनला दुसरा विषय लागत नाही. किस्से साठतच जातात. मसाटच्या आमच्या यार्न फॅक्टरीत ती दोन माणसं म्हणजे परचेस बघणारा मी, भामरे, आणि मेन्टेनन्सचा महाजन. दोघांच्याही मानेतल्या चकत्या झिजलेल्या, दोघांच्याही हाताला मुंग्या. आता दोघांचंही दुखणं गेलंय. पण मान फिरते ती त्याची! जळतो मी त्याच्यावर, सरळच सांगतो.

*

माझा नियम साधा. तीन कोटेशन मागवायची आणि सगळ्यात कमी असेल त्याला ऑर्डर द्यायची. वापीच्या डॉक्टरांनी दोनच मार्ग सांगितले. झिजलेल्या चकत्या काढून मणके प्लेट-स्क्रूने एकमेकांना जोडून टाकायचे, नाहीतर तिथे कृत्रिम चकत्या बसवायच्या. दुसऱ्यात मान जास्त मोकळी राहते, पण खर्च बराच जास्त.

मी विचारलं, "डॉक्टर, तिसरं कोटेशन?"

"तिसरं म्हणजे कॉलर. ती तुमच्या गळ्यात आहेच!"

*

महाजनने त्यांना वेगळंच विचारलं. "महागातलं परवडतं का?" डॉक्टर म्हणाले, "किती वर्षं वापरणार, त्यावर आहे."

झालं! कँटीनमध्ये कॅल्क्युलेटर निघाले. जादा खर्च भागिले वर्षं. कंपनीच्या वस्तूंचं धरतो तसं मी आपलं रिटायरमेंटपर्यंतचं धरलं. मला काही परवडेना.

महाजन म्हणाला, "साहेब, रिटायर होताना मान स्टोअरला जमा करून जाणार का?"

अख्खं टेबल हसलं. महाजनने कृत्रिम चकत्या बसवल्या; मी त्या रागात मान जोडूनच घेतली.

*

खानवेलला सगळ्यांची फॅमिली पिकनिक होती. मागून कुणीतरी ओरडलं, "मोर!" सगळ्यांच्या माना गर्रकन वळल्या. मी आधी पाय वळवले, मग कंबर, मग खांदे. तोवर मोर झाडीत गेला होता.

माझी बायको सुनंदा महाजनला म्हणते, "भाऊजी, काय पिसारा होता ना!"

घर येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

*

महाजन चेकअपहून आला की मी मुद्दाम विचारतो, "काय, काही सैल-बिल झालंय का?"

"एकदम फर्स्टक्लास, साहेब!"

त्या दिवशी मला जेवण जात नाही.

वर हा माणूस चांगलाही आहे, हा आणखी ताप. माझी गाडी मागे घेताना वॉचमन "आने दो, आने दो" करत असतो. एकदा महाजन धावत आला. "उतरा साहेब, मी घेतो." एक हात स्टिअरिंगवर, मान मागे, आणि एका झटक्यात गाडी बाहेर! त्यापेक्षा त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

गेल्या महिन्यात महाजनने एका मशीनचा पार्ट मागवला. तीन कोटेशन आली. नोकरीत पहिल्यांदाच मी सगळ्यात महागड्यावर सही केली आणि कागद स्वतः त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हटलं, बघू दे, भामरेलाही कळतं!

त्याने कागद वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"साहेब, ह्याला स्वस्तातलंच घ्या."

"का? चांगलं नको?"

"ह्याला कुठं फिरायचंय? नुसतं जागेवर धरून ठेवायचं काम आहे..."

बोलता बोलता तो एकदम थांबला. मग मान वळवून खिडकीबाहेर बघत बसला.